नॉर्वेच्या शेतकऱ्यांचें घरगुती किण्व

ह्या मासिकांत जवाच्या बिअरविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल, क्वचित् कोणी रागावेलहि. तेव्हां प्रारंभींच खुलासा केलेला बरा. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून घरीं मद्य तयार करणें हा गुन्हा आहे, आणि तो कोणीं करावा असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. म्हणूनच पुढील मजकुरांत कोणत्याहि पाककृतीचें वजनमाप दिलेलें नाहीं. लिहिण्याचें कारण निराळें आहे. नॉर्वे देशाच्या पश्चिमेकडील दऱ्याखोऱ्यांत शेतकरी कुटुंबांनीं बिअर आंबविण्याचें विरजण पिढ्यान् पिढ्या घरच्या घरीं राखलें. तें वाळवून वर्षभर टिकविलें. बिघडलें तर शेजाऱ्याकडून मागून आणलें आणि शेजाऱ्याचें बिघडलें तर त्यास दिलें. अलीकडे शास्त्रज्ञांनीं तें तपासलें, तेव्हां कारखान्यांतील नेहमींच्या विरजणांत सहसा न आढळणारे गुण त्यांत एकत्र आढळून आले. हे गुण कोणी प्रयोगशाळेंत निर्माण केलेले नसून शेतकऱ्यांच्या वापरण्याच्या रीतीनें उतरलेले आहेत. घरचें बियाणें व घरचें विरजण राखणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटूं नये.

बिअर म्हणजे काय हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. द्राक्षाच्या रसांत साखर तयारच असते, परंतु धान्यांत असते ती पिष्टाच्या रूपानें. हें पिष्ट म्हणजे अंकुराची शिदोरी होय. दाणा भिजून मोड फुटूं लागला कीं पिष्टाची साखर करणारें पाचक द्रव्य दाण्यांत उत्पन्न होतें. आपल्या घरीं लहान मुलांसाठीं नाचणीला मोड आणून, ती वाळवून दळतात. त्या पिठाची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षां पातळ व गोडसर होते, हें पुष्कळांच्या अनुभवाचें आहे. त्याचें कारण हेंच पाचक द्रव्य. बिअरसाठीं जव (सातू) दोनतीन दिवस पाण्यांत भिजवितात, मग पसरून मोड आणतात, आणि अंकुर सालीच्या आंतल्या आंत दाण्याच्या लांबीइतका वाढण्याच्या बेतांत आला कीं उष्णता देऊन त्याची वाढ थांबवितात. ह्या वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. तें भरडून ६२ ते ७० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तास दोन तास ठेविलें म्हणजे गोड काढा उतरतो. ह्या काढ्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, घातलें कीं तो आंबूं लागतो. किण्व हा बुरशीच्या वर्गांतील एकपेशीय सूक्ष्म जीव आहे. तो साखर खातो, आणि तिचें मद्यार्क व कार्बन डायॉक्साइड वायु ह्यांत रूपांतर करतो. दह्याचें विरजण निराळ्या सूक्ष्म जंतूंचें असतें. परंतु थोडें राखून पुढच्या खेपेस घालावयाचें, हा व्यवहार दोहोंकडे सारखाच.

नॉर्वेमध्यें हा धंदा नव्हे, तर शेतीचेंच एक अंग होतें. पश्चिम नॉर्वेंतील ‘गुलातिंग’ नांवाचा जुना कायदा तेराव्या शतकांतील हस्तलिखितांत टिकून राहिला आहे. नाताळच्या सणासाठीं शेतकऱ्यांनीं, निदान तिघांनीं मिळून, बिअर केलीच पाहिजे आणि वर्ष सुफळ व शांततेचें जावें म्हणून ती देवास अर्पण केली पाहिजे, असा त्यांत नियम आहे. ज्याचें घर बेटावर किंवा डोंगरांत एकटें पडलें असेल त्यानें एकट्यानें करावी. मात्र सहापेक्षां कमी गाई असलेल्या लहान शेतकऱ्यावर सक्ति नाहीं. चुकविणाऱ्यास दंड होता, आणि लागोपाठ तीन वर्षें चुकविल्यास मालमत्ता जप्त होण्यापर्यंत पाळी येई. दारू केली नाहीं म्हणून शिक्षा करणारें राज्य, हें आपल्याकडील वाचकांस उलटेंच वाटेल! परंतु पिण्याच्या चैनीशीं ह्या नियमाचा संबंध थोडा होता. सण, लग्न, मयत, गवतकापणीची सुगी, अशा प्रसंगीं सर्व पंचक्रोशी एकत्र येई, आणि त्या एकत्र येण्याचें साधन म्हणून बिअरकडे पाहिलें जाई. पुष्कळ खोऱ्यांत तें करण्याचें काम घरच्या बायकांकडे असे.

खोऱ्याखोऱ्यांत रीत निराळी. मध्य नॉर्वेंत ट्राँडहाइम शहराच्या पूर्वेस स्त्यॉर्दाल म्हणून तालुका आहे. तेथील शेतकरी आजहि माल्ट घरीं तयार करतात. खालीं दगडी भट्टी, वरती भोंकें पाडलेल्या फळ्यांचा माळा, आणि त्यावर मोड आलेले जव पसरलेले. भट्टींत आल्डर नांवाच्या झाडाचीं लांकडें जाळतात, त्यांचा धूर धान्यांतून वर जातो. त्यामुळें तेथील बिअरला धुराचा दाट वास असतो, व तो नसेल तर तेथील मनुष्य तिला बिअर म्हणावयास कचरतो. ही भट्टी पुष्कळदां चारसहा घरांनीं मिळून बांधलेली असते. हिच्या बाबतींतील नेहमींचा अपघात म्हणजे आग. वाळलेलें धान्य, लांकडी माळा आणि खालीं रात्रंदिवस जाळ, मग दुसरें काय होणार? म्हणून भट्टीची झोंपडी राहत्या घरापासून व गोठ्यापासून मुद्दाम दूर बांधण्याची वहिवाट पडली. दुसरा अपघात दिसत नाहीं, पण नुकसान तितकेंच करतो: जव ओले असतांनाच जाळ फार झाला कीं दाण्यांतील पाचक द्रव्य मरतें. माल्ट दिसावयास उत्तम. पण काढा गोड होत नाहीं, आणि गोडी नाहीं तर किण्वास खावयास कांहीं नाहीं.

पाण्याचीहि एक विशेष कृति आहे. जुनिपर नांवाच्या कांटेरी झुडुपाच्या फांद्या पाण्यांत उकळून त्या पाण्यानें भांडीं धुतात व त्यांतच माल्ट भिजवितात. ह्याच झुडुपाचीं फळें आपल्या वैद्यकांत हपुषा ह्या नांवानें प्रसिद्ध आहेत. काढा गाळण्यासाठीं पिंपाच्या तळाशीं ह्याच फांद्या अंथरतात. त्या दाट बसल्या किंवा पीठ फार बारीक झालें तर चोथा गच्च बसतो व थेंबहि खालीं उतरत नाहीं. अशा वेळीं घाईनें ढवळणारा नवशिका सगळाच काढा गढूळ करून बसतो. जाणता मनुष्य वरून थोडें ऊन पाणी सोडतो आणि वाट पाहतो. उरलेला चोथा अर्थातच गुरांना. आपल्याकडेहि बिअरच्या कारखान्यांतील ओला चोथा दुभत्या जनावरांस घालतात, तेव्हां त्याविषयीं अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

पुढें वाटा फुटतात. वॉस ह्या गांवच्या आसपास काढा कित्येक तास उकळून आटवितात; त्यास तांबूस रंग व दाटपणा येतो. उलट, थोडें उत्तरेस हॉर्निन्दाल येथें तो मुळींच उकळीत नाहींत. न उकळलेल्या काढ्यांत आंबटपणा आणणारे जंतु वांचून राहूं शकतात, म्हणून ती बिअर ताजी असतांनाच संपवावी लागते. दोन्हीं ठिकाणचे लोक आपलीच रीत खरी मानतात. ह्या वादांत परक्यानें न पडलेलें बरें.

आतां मुख्य विषय, तो किण्वाचा.

पश्चिम नॉर्वेच्या बोलींत घरगुती किण्वास ‘क्वाइक’ म्हणतात. ह्या शब्दाचें नातें विस्तव पेटविण्याच्या क्रियेशीं आहे. चूल पेटवावयाच्या वाळक्या काटक्यांसहि तोच शब्द लागतो. आगपेट्या घरोघर झाल्या नव्हत्या त्या काळीं आपल्या खेड्यांतून सकाळीं शेजारच्या चुलींतला निखारा मागून आणीत, हें वृद्ध वाचकांनीं ऐकलेलें असेल. निखारा दिल्यानें देणाऱ्याची चूल विझत नाहीं. किण्वाचेंहि तसेंच.

बिअर आंबून झाली कीं किण्वाचा थर हॉर्निन्दालकडे वरच्या फेंसांतून व वॉसकडे तळांतून काढून घेतात. परंतु बिअर करावयाची वर्षांतून दोनतीनदां. नाताळानंतर एकदम गवतकापणी! मधल्या महिन्यांत ओलें किण्व नासून जाईल. म्हणून तें वाळविण्याच्या युक्त्या निघाल्या. लांकडाचे लहान लहान तुकडे एकमेकांत ओवून केलेलें कडें किण्वांत बुडवून टांगून ठेवीत. अशीं कडीं तेथील संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. कोणी ओंडक्यास भोंकें पाडून तो बुडवी, कोणी गवताचें कडें करी, कोणी स्वच्छ तागी कापडावर लेप देऊन तें वाळवी. भोंकें व सांदी कशासाठीं, तर ओलावा लवकर जावा आणि किण्वास आडोसाहि मिळावा. हल्लीं बहुतेक लोक कागदावर पातळ थर पसरून वाळवितात, त्याचे पापुद्रे करून शीतपेटींत ठेवतात. नीट वाळलेलें क्वाइक वर्षानुवर्षें जिवंत राहतें.

तें काढ्यांत घालण्याची वेळ ही साऱ्या कृतींतील नाजूक वेळ. पूर्वीं घरोघर उष्णतामापक कोठून असणार? ‘दुधाइतकें कोमट’ हें तेथील माप, म्हणजे सुमारें ३५ ते ४० अंश. आपल्या गृहिणी विरजण लावतांना दूध बोटानें पाहतात, त्याच्याच जवळपासचें हें माप आहे. युरोपांतील बिअरच्या कारखानदारास मात्र हें ऐकून धक्का बसतो. त्याचें किण्व वीस अंशांच्या आंतबाहेर, आणि एका प्रसिद्ध जातीचें तर दहा अंशांच्या सुमारास, उत्तम काम करतें. चाळिसाजवळ त्यास कढ आल्यासारखें होऊन बिअरला नकोसे वास येतात. परंतु शेतकऱ्याची अडचण लक्षांत घ्यावी. शंभर दीडशें लिटर काढा थंड करण्याचें यंत्र त्याच्यापाशीं नव्हतें. तो पंधरावीस अंशांवर येईपर्यंत रात्र उलटली असती, आणि तेवढ्या वेळांत हवेंतील व भांड्यांतील रानटी जंतूंनीं त्यांत ठाण मांडलें असतें. कोमट असतांनाच किण्व घातलें कीं तें जोमानें उठतें आणि जंतूंस जागा उरत नाहीं. वॉसकडे अवघ्या दोन दिवसांच्या आंत आंबणें उरकतें. किण्व घालतांना मोठ्यानें आरोळी ठोकण्याची चालहि कांहीं ठिकाणीं होती. आरोळी जितकी मोठी तितकी बिअर जोमदार, अशी समजूत. लेखकाच्या मतें आरोळीचा एक उपयोग खरा असावा: शेजाऱ्यांस कळत असे कीं आज अमक्याकडे किण्व पडलें, आणि दोन दिवसांनीं तें मागावयास जातां येईल! पण हा आपला तर्क. पुरावा मागूं नये.

ह्या वेळच्या चुका दोन प्रकारच्या. काढा फार ऊन असतांना किण्व घातलें तर तें मरतें. सकाळीं पाहावें तों भांडें निपचित, बुडबुडा नाहीं. फार गार असतांना घातलें तर हें उष्णतेस संवकलेलें किण्व सुस्त राहतें आणि तेवढ्यांत आंबटपणा शिरतो. तिसरी चूक ह्यांहून घातक, कारण ती पुढच्या खेपेस उघडकीस येते: आंबट झालेल्या बिअरमधील किण्व राखून ठेवणें. त्या वर्षींची बिअर तर गेलीच, पण पुढल्या वर्षींचीहि आजच नासली. अशा वेळीं जाणता शेतकरी सगळें किण्व टाकून देई, भांडीं कढत पाण्यानें धुई, आणि शेजाऱ्याचें दार ठोठावी.

हें दार ठोठावणें हाच ह्या साऱ्या विद्येचा कणा आहे असें लेखकास वाटतें. एका घरांत शंभर वर्षें किण्व अखंड राखलें जाईल हें जवळजवळ अशक्य आहे. कधीं मालक आजारी पडतो, कधीं उंदीर कडें कुरतडतात, कधीं बुरशी चढते, कधीं एखाद्या वर्षीं जव पिकत नाहींत. घराची साखळी तुटते, पण खोऱ्याची तुटत नाहीं. कारण त्याच किण्वाचा अंश चार घरें पलीकडे जिवंत असतो. ज्यानें दिलें त्यानें आपलीच ठेव दुसऱ्याच्या घरीं सुरक्षित ठेविली. लहानपणीं आमच्या घरीं कुळधर्माच्या आदल्या दिवशीं दहीं नासलें. आईनें वाटी देऊन मला शेजारच्या काकूंकडे पिटाळलें. काकू वाटी भरतांना म्हणाल्या, “अरे, हें तुमच्याच घरचें आहे. संक्रांतीला मीच नेलें होतें.” त्या वेळीं त्यांत कांहींच विशेष वाटलें नाहीं. वॉसच्या शेतकऱ्यांची हकीकत वाचली तेव्हां ती वाटी आठवली.

साखळी तुटण्याचा खरा प्रसंग आला तो निराळ्याच वाटेनें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत किण्वाचें शास्त्र उदयास आलें. फ्रान्समध्यें लुई पाश्चर ह्यांनीं बिअरवरील आपला ग्रंथ १८७६ सालीं प्रसिद्ध केला. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत एमिल क्रिश्चन हान्सेन ह्यांनीं १८८३ सालीं एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध किण्व तयार केलें. कारखान्यांस त्याचा लाभ झाला ह्यांत शंका नाहीं. दर खेपेस माल एकसारखा उतरूं लागला. पुढें कारखान्यांत केलेलें पावाचें किण्व खेडोपाडीं दुकानांत मिळूं लागलें. मग वर्षभर कडें टांगून ठेवण्याची यातायात कोण करणार? एकेका घरानें तें सोडलें. आणि सोडणारीं घरें वाढलीं तसें मागावयास जाण्याजोगें दारहि उरलें नाहीं, म्हणून ज्यांस राखावयाचें होतें त्यांचेंहि गेलें. नॉर्वेंतील लोकसंस्कृतीच्या संशोधकांनीं १९५० च्या दशकांत देशभर प्रश्नपत्रिका पाठवून जुन्या पद्धतींची माहिती गोळा केली. तिच्या आधारें ऑड नूर्डलाँड ह्यांनीं १९६९ सालीं ग्रंथ लिहिला, तेव्हां पुष्कळ खोऱ्यांतून घरगुती किण्व नाहींसें झालेलें होतें. ज्या थोड्या ठिकाणीं राहिलें तेथें तें राखणारीं घरें एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर होतीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर बराच काळ बाहेरच्या जगास ह्याची गंधवार्ता नव्हती. लार्स मारिउस गार्शोल नांवाचे एक नॉर्वेजियन गृहस्थ, व्यवसायानें संगणकाचे जाणकार, हे ह्या खोऱ्यांतून हिंडले. २०१० नंतरच्या दशकांत त्यांनीं शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत बसून कृति टिपून घेतल्या, किण्वाचे नमुने मिळविले, ते प्रयोगशाळांस दिले, आणि प्रत्येक नमुन्यास क्रमांक देऊन कोणत्या गांवचा, किती उष्णतेस वापरतात, तळांतून घेतात कीं वरून, ह्याची नोंदवही केली. त्यांचा सविस्तर ग्रंथ २०२० सालीं अमेरिकेंत निघाला. आपल्याकडे धान्याच्या गांवठी वाणांची नोंद अशाच तऱ्हेनें, बी कोणत्या शेतकऱ्याचें हें सोडून न देतां, झाली तर काय बहार होईल!

हे नमुने तपासून कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाच्या व फिनलंडमधील शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य निष्कर्ष असे. क्वाइक हें रानटी किण्व नसून माणसाळलेलें आहे, आणि माणसाळलेल्या बिअर-किण्वांत त्याचें कूळ वेगळें ओळखतां येतें. त्यांतील पुष्कळ वाण चाळीस अंश व किंचित् वर उष्णतेंतहि वाढतात. मद्यार्काचें प्रमाण पुष्कळ वाढलें तरी तग धरतात. बिअरला लवंगेसारखा वास आणणारा जो गुण रानटी किण्वांत असतो तो ह्यांत लुप्त झालेला आहे. शिवाय एका घरच्या किण्वांत बहुधा एकच वाण नसून अनेकांचा मेळा असतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ह्यांत गूढ असें कांहीं नाहीं. दर खेपेस किण्व चाळिसाजवळच्या काढ्यांत पडलें. ज्या पेशींस तें सोसलें नाहीं त्या मेल्या. दर खेपेस वाळविलें. ज्यांस वाळणें सोसलें नाहीं त्याहि गेल्या. ज्या बिअरला वाईट वास आला तिचें किण्व कोणी राखलें नाहीं, शेजाऱ्यानें मागितलेंहि नाहीं. कणसांतून बियाण्याचें कणीस निवडतों त्याहून ही निवड वेगळी नव्हे; फरक इतकाच, कीं येथें निवडणाऱ्यास आपण निवडीत आहों हें ठाऊकहि नव्हतें. आणि अनेक वाणांचा मेळा असल्यामुळें एखाद्या वर्षीं एक वाण दबला तरी दुसरा काम चालवितो. मिश्र पेरणी करणाऱ्यास हें सांगावयास नको. शुद्ध किण्वानें एकसारखेपणा मिळतो, मेळ्यानें निर्धास्तपणा मिळतो. कारखान्यास पहिला हवा, घरास दुसरा. लेखकाच्या मतें एकाच्या नांवानें दुसऱ्यास हिणविण्यांत अर्थ नाहीं.

हल्लीं क्वाइकचीं पाकिटें यीस्टच्या कंपन्या जगभर विकतात. इंग्लंडांत १९६३ सालीं घरीं बिअर करण्यास लागणारा परवाना रद्द झाला, अमेरिकेंत १९७८ सालच्या कायद्यानें मुभा मिळाली. त्यामुळें त्या देशांत घरगुती बिअरचे हौशी लोक फार, आणि उकाड्यांतहि काम देणारें किण्व त्यांस हवेंच होतें. त्यांच्या अपघातांच्या कथाहि मौजेच्या असतात. सर्वांत सामान्य म्हणजे आंबणें पुरें होण्यापूर्वींच बाटलींत भरून बूच घट्ट लावणें. आंत वायु सांचत राहतो, आणि एखाद्या रात्रीं कपाटांतल्या बाटल्या एकामागून एक फुटतात. नॉर्वेचा शेतकरी लांकडी पिंपांतून वाढीत असल्यामुळें ह्या संकटांत क्वचितच सांपडला. परंतु पाकिटांच्या व्यापारानें एक प्रश्न उभा केला आहे. ज्या घरांनीं हें किण्व टिकविलें त्यांनीं तें मागणाऱ्यास फुकट दिलें. विकणारा त्यावर नफा मिळवितो. आपल्याकडे २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बियाणें राखण्याचा, अदलाबदल करण्याचा व छापील नांवाच्या पाकिटावांचून विकण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यांत वनस्पति व प्राणी ह्यांबरोबर सूक्ष्म जीवांचाहि समावेश आहे. म्हणजे इडलीच्या पिठांतले किंवा दह्यांतले जंतु हीहि कायद्याच्या दृष्टीनें संपत्ति आहे. ती कोणापाशीं काय आहे ह्याची यादी मात्र घरोघर कोणी केलेली नाहीं.

हें सर्व वाचल्यावर लेखकानें एक लहानसा प्रयोग करून पाहिला. मद्याशीं त्याचा संबंध नाहीं. घरचें दहीं वाळवून टिकतें कीं काय, एवढेंच पाहावयाचें होतें. धुतलेल्या, उकळून वाळविलेल्या सुती फडक्याचे वीतभर तुकडे केले, ते चांगल्या कवडीदार दह्यांत भिजवून पिळले व सावलींत दोरीवर टाकले. पहिला प्रयोग श्रावणांत केला, ही चूक. तुकडे तीन दिवस दमटच राहिले, चवथ्या दिवशीं हिरवी बुरशी दिसली. सर्व टाकून दिलें. दुसऱ्या खेपेस वैशाखांत केलें. एका दिवसांत तुकडे खडखडीत वाळले. ते कागदांत गुंडाळून डब्यांत ठेविले. पंधरा दिवसांनीं एक तुकडा वाटीभर कोमट दुधांत टाकला. रात्रीं लावलेलें दहीं सकाळीं लागलेलें नव्हतें. घरांतील मंडळींनीं थोडी थट्टाहि केली. दुपार टळल्यावर तें सैलसर लागलें, चव फिकी. तें खाल्लें नाहीं, त्याचाच चमचा घेऊन पुन्हां लावलें. तें एका रात्रींत नेहमींसारखें घट्ट झालें. दोन महिन्यांनीं दुसरा तुकडा असाच वापरला, तेव्हां पहिलें दहीं लागावयास दीड दिवस लागला व त्यास किंचित् उग्र वास होता. दोन खेपा पालटल्यावर वास गेला. तिसरा तुकडा शेजारच्या काकूंच्या सुनेस दिला आहे. कोंकणांतील दमट हवेंत व देशावरील कोरड्या हवेंत हा प्रयोग कसा उतरतो, आणि फडक्याऐवजीं लांकडाचें कडें वापरल्यास कांहीं फरक पडतो काय, हें वाचकांपैकीं कोणीं करून पाहिल्यास तुकडे वाळविल्याची तिथि, महिना व दहीं लागण्यास लागलेला वेळ लिहून संपादकांकडे कळवावें.